पाण्याची धून आणि नागूबाई

उमरग्यात कुणालाही विचारा, सोमलिंगच्या कानाला कुणी फसवू शकत नाही म्हणून सांगतील. मंडप, माईक, स्पीकर भाड्यानं द्यायचा माझा धंदा, तीस वर्षं झाली. दोन गल्ल्या पलीकडं वरातीतला बँडवाला बेसूर वाजवायला लागला तरी माझ्या तोंडातल्या घासाची चव जाते. बायको म्हणते, "तुमाला कान हायेत का दुकणं हाय?" तर असा मी. ही फुशारकी नाही. या कानांनी काय करून ठेवलं ते सांगायचंय, म्हणून आधी कान दाखवले.

सांगायचंय नागूबाईबद्दल. पण तिच्यापर्यंत पोचायला मला दोन वर्षं लागली, तेव्हा तुम्हीही जरा दम धरा.

बिरूमामा माकणीचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उमरग्याच्या बाजूला उतरतात. ज्वारी निघालेल्या रानात कळप बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना चारा. मामांचा पावा लई गोड. त्यांची पोरगी शिवकन्या सोलापुरात नर्स आहे. आईबाप रोज डोळ्यांनी दिसावेत म्हणून तिनं त्यांना फोन घेऊन दिला आणि एक चॅनेल उघडून दिलं. रोज अकराच्या सुमाराला मेंढरं पाण्यावर न्यायची वेळ झाली की मामा पावा वाजवायचे आणि फोन चालू व्हायचा. फोन धरायची नागूबाई, म्हणून ती कधी दिसायची नाही. दिसायचे मामा, त्यांचं मुंडासं, काळी मेंढरं आणि मागचं आभाळ.

त्या पाण्याच्या धुनेनं माणसं येडी झाली. बघता बघता चारशे जणांचा ग्रुप झाला, 'बिरूमामाचा पावा'. ॲडमिन मी. मला कुणी नेमलं नव्हतं, पण आवाजाचं काम म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

काय काय लिहायचे लोक! नाशिकची समृद्धी, बँकेत नोकरी करते, ती पाव्याच्या मागं कोणकोणते पक्षी बोलले त्याची रोज हजेरी घ्यायची. "आज चंडोल दोनदा, टिटवी एकदा, व्हला गैरहजर." कळंबच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी शोध लावला की मामा चढावर असले की धून सावकाश होते आणि उतारावर पळते, म्हणजे ही धून मामा वाजवत नाहीत, जमीन वाजवते. यावर आठ दिवस भांडण. मग वारा हा दुसरा पावा धरायचा की नाही यावर आणखी चार दिवस. एका बाईनं आपल्या कुंडीतल्या गुलाबाला रोज धून ऐकवून कळी आल्याचा फोटो टाकला. आमचा महालिंगप्पा, हैदराबाद रोडला ट्रक चालवतो, त्यानं लिहिलं, "ही धून लावली की मला कुणाला ओव्हरटेक करावं वाटत न्हाय. मालक बोंबलतोय." कुणी कुणाला बघितलेलं नाही, पण एखाद्याचा सकाळचा नमस्कार आला नाही तर दुपारपर्यंत चारजण चौकशी करायचे. हसा खुशाल. मला तो ग्रुप घरासारखा झाला होता.

एकच तक्रार होती. धुनेच्या मध्ये मध्ये, फोनच्या अगदी जवळ, टक् टक् असा आवाज यायचा. "मागं कुणी तरी सुपारी फोडतंय!" एकानं टोमणा मारला. "एवढी सुंदर धून आणि त्यात हे काय!" दुसऱ्यानं लिहिलं. मला वाटलं फोनचं कव्हर ढिलं असंल. मी लिहिलं, सोडा माझ्यावर. कॉम्प्युटरवर बसलो आणि एक एक टक् शोधून पुसून काढली. साफ केलेली धून ग्रुपवर टाकली तर दोनशे बदाम आले. हेडमास्तर म्हणाले, आज खरा पावा ऐकला. माझी छाती अशी फुगली होती! ती टक् टक् कुणाची, कशाची, हे चारशेतल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

जानेवारीत मामांचे पुढचे दोन दात काढावे लागले. जबडा सुजला. डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर फुंकायचं नाही. पावा बंद, चॅनेल बंद. ग्रुपवर सुतक आल्यासारखं झालं. तेव्हा मीच टूम काढली, सगळ्यांनी उमरग्याला या, मामांना भेटू. मामांचा कळप तेव्हा हायवेला लागून एका रानात बसलेला होता. रस्त्याच्या अलीकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या तुकड्यात मी मंडप टाकला. चौतीस जण आले. समृद्धी नाशिकवरून आली, हेडमास्तर आले, महालिंगप्पा हैदराबादला जाता जाता भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला लावून आला. मामा पाहुणे. जबड्याला उपरणं बांधून बसले होते, बोलताना नुसती हवा निघत होती, पण डोळे हसत होते.

"मामी नाही आल्या?" समृद्धीनं विचारलं.

"मेंढराकडं कुणी तरी पायजे की," मी म्हणालो. मला ते इतकं साधं वाटलं की मी दुसऱ्या कामाला लागलो.

मला मामांना चकित करायचं होतं. स्टेज शेताच्या आतल्या अंगाला, माणसं स्टेजकडं तोंड करून, आणि माझे दोन मोठे स्पीकर माणसांकडं, म्हणजे रस्त्याकडं तोंड करून. अकरा वाजले. मी माईकवर सांगितलं, "मामा, तुमचे दात गेले म्हणून काय झालं, तुमचा पावा आमी जपून ठेवलाय," आणि ती साफ केलेली पाण्याची धून पूर्ण आवाजात सोडली.

मामा ताडकन उठले. स्टेजवर येऊन त्यांनी माझा दंड धरला. तोंडातून शब्द येईना, "ब... बं..." एवढंच. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, गडी भारावला! मी त्यांना मिठी मारली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा मला ढकलायला लागले, मिठीतून सुटायला बघायला लागले, आणि मी आपला येड्यासारखा आणखी घट्ट धरतोय. मग त्यांच्या खांद्यावरून मला रस्ता दिसला.

रस्त्याच्या पलीकडच्या रानातून मेंढरं येत होती. पळत येत होती. अख्खा कळप, त्र्याण्णव जितराबं, धुराळा उडवत सरळ हायवेकडं.

ही धून म्हणजे तुमच्या आमच्यासाठी गाणं. मेंढरांसाठी तिचा अर्थ एकच, चला, पाणी. तीन आठवडे ती ऐकू आली नव्हती, नागूबाई त्यांना मुकाट टपात पाणी दाखवत होती. वेळ अकराची, तहानेची, आणि धून येतेय मंडपातल्या स्पीकरमधून. ती कशी थांबतील? आणि मामांचं या जगात काय होतं ते तेवढंच होतं. घर नाही, रान नाही. त्र्याण्णव मेंढरं.

मी झडप घालून आवाज बंद केला. तेच चुकलं. म्होरची चाळीसेक मेंढरं तोवर रस्त्यावर चढली होती. धून तुटली तशी ती जागच्या जागी उभी राहिली, माना वर करून, चौपदरी हायवेच्या मधोमध. एक पांढरी गाडी करकचून ब्रेक मारत वळली, एका मेंढीला उडवून तशीच पुढं गेली. चौतीस माणसं एकदम ओरडली. महालिंगप्पा धावत ट्रकपाशी गेला, चालू केला आणि अलीकडच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवा घातला. त्याच्या मागं हॉर्नचा कल्लोळ. पण पलीकडच्या दोन पट्ट्या उघड्या होत्या, आणि मेंढरं होती तिथंच.

मामा माझ्या तोंडापुढं हात नाचवायला लागले. वाजव! वाजव! मला कळलं, आता निदान सगळी अलीकडं तरी ओढून घेऊ. मी पुन्हा धून लावली.

देवा! रस्त्यावरची चालली असती तर चालली असती, पण मागं रानात राहिलेली पन्नास जी उसळली, ती थेट पुढच्यांच्या अंगावर. मधल्या दुभाजकाशी सगळी अडकली. मागची पुढच्यावर चढायला लागली. एक कोकरू खाली गेलं, ते मला दिसलं, आणि वर आलंच नाही. धून अशी गोड चाललेली, एक टक् नाही, एक खरखर नाही, माझ्या हातानं साफ केलेली.

तेव्हा मी नागूबाईला पहिल्यांदा बघितलं. पलीकडच्या बांधावरून ती येत होती, लुगड्याचा काचा मारलेला, पन्नाशी ओलांडलेली बाई, एक गुडघा आखडलेला, तरी पळत. दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवत होती. बंद करा! तोंडानं काही तरी ओरडत होती, पण माझ्या स्पीकरपुढं कुणाचं ऐकू येणार?

इकडं मामा म्हणतायत, वाजव. तिकडं ती म्हणतेय, बंद कर.

"सोमलिंगदादा, मामी काय सांगू लाल्यात बगा की!" महालिंगप्पा ट्रकच्या खिडकीतून ओरडला.

मी मामांकडं बघितलं. सांगायला लाज वाटते, पण मी मामांचंच ऐकलं. पावा त्यांचा, मेंढरं त्यांची, दोन वर्षं मी त्यांचंच ऐकत आलो होतो. बटणावरचा हात मी काढून घेतला आणि धून चालू राहिली. पलीकडच्या बाजूनं, उतारावरून, एक टँकर येत होता. त्याचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेना.

आणि आवाज एकदम गेला.

समृद्धीनं जनरेटरची पिन उपटली होती. माझ्या सामानाला कुणी हात लावलेला मला खपत नाही, त्या वेळीसुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ए बाई!" म्हणून मी ओरडणार होतो. तोंड उघडलं होतं.

टक्.

एवढाच आवाज आला. जीभ टाळूला लावून सोडलेली. मेंढरं एकदम उभी राहिली. मघा धून तुटल्यावर बावचळून उभी राहिली होती तशी नाही. शहाण्यासारखी, खाली माना घालून. वर चढलेली खाली उतरली. नागूबाई टँकरकडं न बघता रस्त्यावर आली, कळपात शिरली, गुडघ्यानं, कोपरानं वाट काढत दुभाजकापाशी म्होरच्या मेंढीजवळ पोचली. "निल्लु, निल्लु," ती कानडीत तिला म्हणाली, थांब म्हणून. टँकरवाल्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी आवरली असंल, कारण टायरचा वास आमच्यापर्यंत आला. दहा-बारा पावलांवर तो थांबला. नागूबाईनं म्होरकीचं तोंड फिरवलं.

टक् टक्.

म्होरकी चालायला लागली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. एकामागं एक, ढकलाढकल नाही, बें नाही. ती टक् टक् करत पुढं आणि एक्क्याण्णव मेंढरं तिच्यामागं पलीकडच्या रानात उतरली. दोन्हीकडं गाड्यांची रांग लागली होती, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही. मामा स्टेजवरच मटकन बसले.

आणि मी? मी तो आवाज ओळखला. माझ्या कानाला कुणी फसवू शकत नाही. तो आवाज मी रात्रभर जागून एक एक करून पुसला होता.

नागूबाईचं सगळं मला नंतर कळलं, थोडं मामांकडून, थोडं शिवकन्येकडून. तिचं माहेर बसवकल्याणच्या बाजूचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन माकणीला आली ती या टक् टक् सकट, आईनं शिकवलेली. चाळीस वर्षं ती कळपाच्या पुढं चालतेय. शिवकन्या झाली ती येरमाळ्याच्या माळावर, बांधाच्या आडोशाला, आणि तिसऱ्या दिवशी नागूबाई पोर पाठीला बांधून पुन्हा पुढं. बोलायला लागली की कमी बोलते, आणि चिडली की कानडीत चिडते, म्हणजे कुणाला लागू नये. मामा म्हणाले, "म्या पावा वाजवला की मेंढरं पाण्याकडं जीव घिऊन पळत्यात. नुसतं तेवडंच झालं तर येकमेकांच्या उरावर पडून बुडतील. म्हून ही म्होरं पाण्यापाशी जाती. थांबवती हीच, येकेकाला पाजती हीच. म्या काय, म्या मागं राहून फुकतो." मग ते रडायला लागले. "आनि त्या दिशी म्या तिलाच इसरलो. वाजव म्हणालो."

पण हे नंतरचं. त्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही सगळे पलीकडं गेलो. उडालेली मेंढी गाभण होती. तिला आणि त्या कोकराला महालिंगप्पानं उचलून बांधावर आणून ठेवलं होतं. नागूबाई त्यांच्याशेजारी बसून मेंढीच्या पोटावर हात फिरवत होती. आत काही हलतंय का बघत होती. मग तिनं हात काढून घेतला.

समृद्धी तिच्यापुढं बसली. "मामी, दोन वर्षं मी रोज ऐकते. टिटवी किती वेळा ओरडली ते लिहून ठेवते. आणि तुमचं नाव मला ठाऊक नाही."

"नागूबाई," ती म्हणाली.

मला राहवेना. मी खाली वाकलो. "मामी, माजं चुकलं. लई मोठं चुकलं."

"तुमी मुद्दाम केलं का? तुमाला काय ठावं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला झेपेना. मग तिनं मान वर केली. "पर म्या रानातनं ऐकत हुते. धून ह्यांचीच हुती. रोजचीच. म्या फोन धरून रोज टक् टक् करती, ती त्यात असायला पायजे हुती. त्यातली थांबायची येकली टक् असती तर मेंढरं बांधाजवळच थांबली असती. ती कुठं गेली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांतल्या कित्येकांनी त्या साफ धुनेला बदाम पाठवले होते.

"म्या काढून टाकली," मी म्हणालो.

"काढून टाकली? आवाज कसा काढून टाकतेत?"

मी तीस वर्षं लोकांना हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत आलोय. तिला मात्र मान खाली घालून सांगितलं. "कॉम्प्युटरवर दिसतं, मामी. एका बाजूला गाणं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला खरखर, गाड्या, वारा, असला कचरा. मग गाणं ठेवायचं आणि कचरा पुसायचा."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. एक्क्याण्णव मेंढरं तिच्यामागं शांत उभी होती. तिनं बांधावरच्या त्या मेंढीकडं आणि कोकराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग माजं कशात धरलं तुमी?" तिनं विचारलं. खरंच कळून घ्यायचं होतं तिला.

खोटं सांगता आलं असतं. मामा बघत होते, समृद्धी बघत होती.

"कचऱ्यात, मामी," मी म्हणालो.

नागूबाईनं मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, कारण मेंढरं अजून तहानेलीच होती.